दोन बोटं जास्त

१७ मे २०१३, शुक्रवार. तर्नोवो

पोचलो. मिंचोनं नदीकाठी गाडी लावली, उतरला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "चला बाईसाहेब, सहलीला सुरुवात!" सहल! नवऱ्याला सगळं माहीत आहे, तरी हे असं.

खोलीच्या खिडकीतून ग्रंथालयाचं छप्पर दिसतं. मी पडदा ओढून घेतला. मिंचोनं परत उघडला. "पैसे त्या देखाव्याचेच घेतलेत त्यांनी," म्हणाला.

आईला अर्धवट खरं सांगून निघाले. 'आठवडाभर तर्नोवो बघून येतो.' अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण कान तिखट. "किल्ला बघा," म्हणाली. "ग्रंथालयात काय बघायचंय? धूळ." मी ग्रंथालयाचं नावही काढलं नव्हतं!

प्रदर्शनाची छापील पत्रिका पिशवीत आहे. माझ्या पुस्तकबांधणीच्या दुकानात एक गिऱ्हाईक जुना शब्दकोश बांधायला घेऊन आलं होतं, त्याच्या पानांत खुणेला घातलेली. चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, ग्रंथालयात प्रदर्शन: 'हरवलेली पुस्तकं'. त्यात बाबांचा फोटो. खाली छापलंय — लाझार व्रांचेव, हस्तलिखितांचा रखवालदार. १९६६ साली 'मेणाचं पुस्तक' चोरलं. पुस्तक आजतागायत मिळालेलं नाही.

सत्तेचाळीस वर्षं ही गोष्ट निदान बंद दप्तरात तरी होती. आता फलक लावून भिंतीवर येणार. माझ्याकडे एक आठवडा आहे.

१८ मे, शनिवार

तिकीट काढून ग्रंथालय पाहिलं. माझ्या बापाचं ग्रंथालय, आणि मी तिकीट काढून! नाव लिहिलं दोनका गेनोवा. मिंचोचं आडनाव पहिल्यांदाच असं उपयोगी पडलं.

आम्ही अकरा जण होतो. प्लोवदिवच्या चार बायका एकमेकींच्या पुढे पुढे करत होत्या. दाखवणारी मुलगी कलिना — पंचविशीची, लाल चष्मा, बोलायला चुरचुरीत. प्रदर्शनही तिनंच मांडलंय.

"आमच्याकडे जुन्या दालनात पुस्तकं विषयानं लागत नाहीत," ती म्हणाली, "उंचीनं लागतात. ठेंगणी वर, उंच खाली. शाळेतल्या कवायतीसारखी!" वरची दारं जाळीची आहेत, खालची भरीव लाकडाची. खालची वर्षातून एकदाच उघडतात, चोवीस मेला, पाहुण्यांसमोर. नाहीतर कुलपावर लाखेची मोहोर.

मग म्हणाली, "आणि आता आमच्या चोराची गोष्ट!"

ती गोष्ट तिला पाठ आहे. कुठे थांबायचं, कुठे लोक हसतात, सगळं ठरलेलं. मेणाचं पुस्तक म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी कुणा साधूनं हातानं लिहिलेली प्रवचनं. मेणबत्तीचे थेंब पडलेले, म्हणून ते नाव. किल्ली एकाकडेच. पुस्तक गेलं, किल्ली राहिली. लोक हसले. प्लोवदिवची एक बाई म्हणाली, "बायकोनं बाजारात विकलं असेल हो! पुरुषांना कुठलं येतंय विकायला!"

मिंचोनं माझं कोपर दाबून धरलं. मी मूग गिळून बसले. स्वतःची किळस आली.

जाताना कलिनानं विचारलं, "मावशी, तुम्ही काय करता?"

"पुस्तकं बांधते. रुसेला दुकान आहे."

"अय्या! मग तुम्हाला तर आवडलंच असेल आमचं!"

हो. फार.

१९ मे, रविवार

सगळं बंद. मिंचो किल्ल्यावर गेला, मी खाली कट्ट्यावर बसले. न्याहारीला चीजची बानित्सा आणली होती ती चिमण्यांना घातली.

बाबांची एकच आठवण स्पष्ट आहे. तुरुंगातून सुटून आले तेव्हा मी नऊ वर्षांची. माझं शाळेचं पुस्तक बघायला मागितलं, पण हातात घेण्याआधी हात धुवायला गेले. साबणानं. नीट पुसले, मग घेतलं. वीटभट्टीवर काम करायचे तेव्हा, नखं लाल. पुढच्या हिवाळ्यात भट्टीवरच गेले.

हा माणूस पुस्तक चोरेल?

शाळेत मला 'चोराची पोर' म्हणायचे. घरी येऊन सांगितलं की आई म्हणायची, "सुई दोऱ्यात ओव." मग आम्ही दोघी शिवत बसायचो. अशी शिकले मी धंदा.

२० मे, सोमवार

दप्तरखाना. टेकडीवर, चढून दम लागला. वाचनकक्षात एकच बाई, स्वेटर खांद्यावर टाकलेला, नाव इव्हानिचका. फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना. मी लिहिलं: पर्यटन.

तिनं चष्म्यावरून पाहिलं. "पर्यटनासाठी फौजदारी खटला वाचायचाय? लोक किल्ल्यावर जातात, बाई."

"किल्ला नवऱ्यानं बघितला."

"व्रांचेव," तिनं वाचलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं, झालं, बिंग फुटलं. पण ती फक्त म्हणाली, "मागणी आज, दप्तर उद्या. पेन चालणार नाही, पेन्सिल आणा."

२१ मे, मंगळवार

मिंचो म्हणतोय, झोप आता. तरी लिहिते.

दप्तर चौसष्ट पानांचं. माणसाच्या तुरुंगातल्या तीन वर्षांना चौसष्ट पानं!

बाबा सुरुवातीपासून एकच वाक्य बोलतायत: "पुस्तक बांधणीला गेलं तेव्हा मी पाहिलं, परत आलं तेव्हा मी तापानं अंथरुणात होतो." प्रत्येक जबाबात तेच. एकोणिसाव्या पानावर त्यांच्या जागी बदलीवर आलेल्या माणसाचा जबाब — "बांधणीहून आलेली पुस्तकं मी उंचीप्रमाणे जागेवर ठेवली. एकही बाहेर नेलं नाही." सरकारी वकील म्हणाला, ठेवलं म्हणतो ना? मग किल्लीवाल्यानंच नेलं.

आणि चौदाव्या पानावर साक्षीदार क्रमांक दोन. बाइंडर. पेना व्रांचेवा.

आई! आई तेव्हा ग्रंथालयाच्या बांधणीखोलीत होती हे मला माहीत होतं. साक्ष दिली हे नव्हतं माहीत. "पुस्तक मी बांधून परत पाठवलं. लांबी साडेएकवीस सेंटिमीटर." खाली तिची सही. तीच सही, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरची. त्या साक्षीवर पोलिसांनी साडेएकवीसचं पुस्तक जुन्या दालनातल्या तिन्ही कपाटांच्या वरच्या खणांत शोधलं. घरात शोधलं. माझ्या पाळण्यातली जुनी गादीसुद्धा फाडली म्हणे, पंचनाम्यात लिहिलंय.

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण दप्तर परत देताना इव्हानिचकाबाईंनी शेवटचं पान उघडून दिलं — "इथे सही." प्रत्येक दप्तराला मागे एक तक्ता शिवलेला असतो. कोणी वाचलं, कधी, कशासाठी. दप्तर हातात घेतलं की सही करायलाच हवी, मंत्री असलात तरी.

त्यात माझ्याआधी एकच नाव होतं.

पेना व्रांचेवा. २२ मे १९९२. कारण: वैयक्तिक.

इव्हानिचकाबाई हळूच म्हणाल्या, "तुमचं कपाळ त्यांच्यासारखंच आहे. मी नवीन होते तेव्हा. दिवसभर बसल्या होत्या. पाणीही नाही प्यायल्या."

ब्याण्णवचा मे मला आठवतो. "तर्नोवोला कातडं आणायला जाते," म्हणून आई निघाली. तीन दिवसांनी रिकाम्या हातानं आली. कातडं चांगलं नव्हतं म्हणे.

जिना उतरून फोन लावला. "आई, तू खटला वाचला होतास?"  मागे रेडिओ चालू. मग तिनं फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही.

२२ मे, बुधवार

मिंचो म्हणाला, "आज नको जाऊस. तोंड बघ आरशात." गेले.

आज पानं बाइंडरसारखी वाचली, मुलीसारखी नाही. एकतिसाव्या पानावर बांधणीखोलीची चिठ्ठी जोडलीय. असल्या चिठ्ठीकडे वकील कशाला बघेल? दोरा इतका, सरस इतका, काळं कापड. पुठ्ठा: सव्वीस बाय अठरा, दोन नग.

सव्वीस!

मी पेन्सिल खाली ठेवली. साडेएकवीसच्या पुस्तकाला सव्वीसचा पुठ्ठा कोण कापतं?

माझी आई कापते. पुठ्ठा नेहमी दोन बोटं जास्त, वर दोन, खाली दोन. "पानांना छप्पर हवं," म्हणते. मीही तसंच कापते, गिऱ्हाइकं कुरकुरतात — मावशी, कपाटात मावत नाही हो! रुसेत कुठल्याही घरात आमचं पुस्तक शेजाऱ्यांच्या वर डोकं काढून उभं असतं.

म्हणजे पुस्तक साडेएकवीसचं गेलं आणि सव्वीसचं होऊन परत आलं. जुना कणा फेकला, त्यावरची क्रमांकाची चिठ्ठीही गेली. नवी चिकटवायचं काम बाबांचं — ते तापात. बदलीचा माणूस खरंच बोलला. उंचीप्रमाणे ठेवलं त्यानं! ठेंगण्यांच्या खणात मावेना, म्हणून खाली, उंचांत. नाव नाही, क्रमांक नाही. आणि पोलिसांनी आईला लांबी विचारली तेव्हा तिनं पुस्तकासोबत आलेल्या चिठ्ठीवरची सांगितली. आलेली लांबी. केलेली नाही. घाबरली असेल. एकतीस वर्षांची होती, समोर टोपीवाले तिघं.

कोणीच चोरलं नाही. कोणीच खोटंही बोललं नाही. काखेत कळसा आणि माणूस तुरुंगात!

मी वाचनकक्षात मोठ्यानं रडले. इव्हानिचकाबाईंनी पाण्याचा पेला आणला आणि दप्तरापासून लांब ठेवला. "आता तरी प्या," म्हणाल्या.

दुपारी

कलिनाला गाठलं. ती फलकाला खिळे मारत होती, बाबा भिंतीवर तिरके. मी म्हटलं, "हे माझे वडील."

तिच्या हातातला हातोडा तसाच राहिला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मावशी… शनिवारी मी तुमच्यासमोर…"

"हो. छान सांगतेस तू."

ते बोलायला नको होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी चिठ्ठीचं सांगितलं, सव्वीसचं, दोन बोटांचं. ती हुशार आहे, अर्ध्यातच समजली. "खालच्या खणात बिनक्रमांकाची चाळीसेक आहेत. आम्ही त्यांना 'नंतर-बघू' म्हणतो. मी आल्यापासून कोणी बघितलेली नाहीत."

"उघड."

"लाख लावलेलीय. तिघांच्या सह्या लागतात."

"मग सह्या घे!"

दोघी भरीव दारांसमोर उभ्या. एवढुसं कुलूप. वाटलं, हातोडा तिच्या हातात आहेच.

२३ मे, गुरुवार

संचालकांना भेटले. केस विंचरलेले, टेबलावर काही नाही. सगळं ऐकून घेतलं. "अंदाज रोचक आहे," म्हणाले. अंदाज! "उद्या सणाला दारं उघडतीलच. पण ती बघण्यासाठी, दोराच्या मागून. पुस्तकं हाताळायला समिती लागते, समिती जूनमध्ये बसेल."

"आणि फलक?"

"फलक छापून झालाय, बाई."

"जूनपर्यंत माझा बाप भिंतीवर चोर म्हणून लटकणार?"

"सत्तेचाळीस वर्षं गेली, आणखी तीन आठवडे."

मी काय बोलले ते लिहीत नाही. कलिना दाराबाहेर ऐकत होती, ती म्हणाली, "मावशी, शब्द नवीन शिकले."

नंतर आम्ही नदीकाठी बसलो, मिंचो आणि मी. त्यानं बिअर मागवली, प्यायला नाही. मी म्हटलं, उद्या पाहुण्यांसमोर उभी राहून सगळं सांगते. पुठ्ठ्याची चिठ्ठी वाचून दाखवते. काय करतील?

"सांग ना."

"मग आईचं नाव येतं. तिच्या पुठ्ठ्यानं पुस्तक लपलं, तिच्या साक्षीनं बाबा गेले. पेपरात येईल. या वयात."

मिंचो एरवी कुठेही विनोद करतो. आज म्हणाला, "बापाला सोडवायचं तर आईला बांधावं लागेल. पण तिला आधी विचार."

आणि एक काटा सकाळपासून रुततोय. ब्याण्णवमध्ये तिनंही हेच दप्तर वाचलं. तीही बाइंडर. एकतिसावं पान तिनं पाहिलं असेल? सव्वीस आकडा? नसेल पाहिलं. चौदाव्यापुढे गेलीच नसेल, रडत बसली असेल. पाहिलं असतं तर बोलली असती. आई कठोर आहे, पण इतकी नाही.

फोन केला. या वेळी उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. पुठ्ठा. सव्वीस. खालचा खण. उद्या मी उभी राहणार. "तू नको म्हणालीस तर नाही राहणार," म्हटलं. म्हटलं खरं, पण मनात भीतीच होती की ती नको म्हणेल.

तिकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

"दोने," ती म्हणाली. लहानपणी म्हणायची तसं. "पहिली बस किती वाजता सुटते ते बघ."

२४ मे, शुक्रवार. सण

आई बसमधून उतरली, काळा कोट, हातात परसातली पांढरी फुलं. आमच्याशी बोलली नाही. रस्त्यात शाळांची मिरवणूक, बँड, मुलं अक्षरं उंच धरून चाललेली. ती त्यांच्या मधून सरळ गेली.

संचालकांनी लाख तोडली, खालची दारं उघडली. लोक दोरामागे. आईनं फुलं मिंचोच्या हातात दिली, दोर उचलला आणि खालून वाकून आत गेली. "आजी, थांबा!" कलिना म्हणाली. पण हात धरला नाही तिनं.

आई गुडघ्यांवर बसली. समोर चाळीस काळे कणे, एकावरही नाव नाही. तिनं शोधलं नाही. एकावरून दुसऱ्यावर नजरही फिरवली नाही. हात सरळ डावीकडून सातव्या पुस्तकावर गेला.

पहिल्याच पानावर मेणाचे तीन थेंब.

टाळ्या वाजल्या. कलिनानं खुर्चीवर चढून फलक उतरवला. मिंचो फुलं छातीशी धरून रडत होता. मी वाजवल्या नाहीत. तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "आई, हे सातवंच आहे, हे तुला कसं कळलं?"

तिनं पुस्तक मांडीवर घेतलं होतं. वरून वाढलेल्या पुठ्ठ्याच्या कडेवर दोन बोटं ठेवलेली.

"ब्याण्णव साली चोवीस मेला मीही तिकीट काढून आले होते," ती म्हणाली. "पर्यटक म्हणून."